वर्षाला आठ फेऱ्या, त्यासाठी ६८ हजार घालावेत का?

प्रश्न: आम्ही गडहिंग्लजला राहतो. चंदगड तालुक्यात जांभ्याच्या उतारावर साडेतीन एकर काजू आहे. घरी २०१२ ची डबल कॅब डिझेल पिकअप आहे, फोर बाय फोर. गेल्या पावसाळ्यापासून फोर-व्हीलचा दिवा नुसता लुकलुकतो, पुढची चाकं काही ओढत नाहीत. गॅरेजवाल्याने ६८ हजारांचं एस्टिमेट दिलंय. फोर-व्हील लागतं ते पावसातल्या सात-आठ फेऱ्यांना, एरवी गाडी मागच्या चाकांवरच चालते. शेजाऱ्याचा ट्रॅक्टर बोलावला तर तो फेरीला १,२०० रुपये घेतो. यजमान म्हणतात, एवढे पैसे घालण्यापेक्षा गाडी काढू आणि कर्जावर नवी पिकअप घेऊ. एजंट आहे तशा गाडीचे २ लाख ६० हजार देतोय, फोर-व्हील चालू असेल तर ३ लाख. हाताशी २ लाख ४० हजारांची एफडी आहे, घरखर्च महिना ४० हजार. काय करावं?

उत्तर: ताई, गाडी विकू नका. आणि ६८ हजारांना होकारही देऊ नका, निदान अजून तरी नाही.

तुम्ही एस्टिमेटचा फोटो पाठवलात ते बरं झालं. त्यात पाच ओळी आहेत: शिफ्ट मोटर (फोर-व्हील टाकणारी विजेची मोटर), स्विच आणि वायरिंग १९ हजार, ट्रान्सफर केस (इंजिनाचा जोर पुढच्या चाकांकडेही पाठवणारी पेटी) उघडून चेन, बेअरिंग, सील २६ हजार, पुढच्या अ‍ॅक्सलचे रबरी बूट आणि एका बाजूचा शाफ्ट ११ हजार, पुढच्या डिफरन्शियलचे (डाव्या-उजव्या चाकांना जोर वाटून देणाऱ्या गिअरपेटीचे) सील आणि तेल ५ हजार, मजुरी ७ हजार. हा एकच आकडा म्हणून बघितला की छाती दडपते. पण या पाच ओळी एका जातीच्या नाहीत.

बूट, शाफ्ट आणि सीलचे मिळून १६ हजार. पुढची चाकं अ‍ॅक्सलपासून सुटी करणारे लॉकिंग हब तुमच्या गाडीत नसतील (मेस्त्रीला एवढंच विचारा), तर फोर-व्हील बंद असतानाही पुढचे शाफ्ट चाकांबरोबर फिरतच असतात. बूट फाटला की ग्रीस बाहेर आणि लाल माती आत, मग जॉइंट खलास. म्हणजे ही १६ हजारांची रक्कम फोर-व्हीलच्या खात्यावर मांडूच नका. गाडी ठेवायची तर ती लागणारच. मजुरीचे दोनेक हजार त्यात धरा, झाले १८.

आता २६ हजारांची ओळ. तुम्ही लिहिलंय की दिवा लुकलुकतो आणि पुढची चाकं ओढत नाहीत. आवाज येतो, असं कुठेही लिहिलेलं नाही. चेन सैल झाली असेल तर फोर-व्हीलमध्ये चढाला जोर दिल्यावर खालून कटकट ऐकू येते, हिसके बसतात. नुसता दिवा लुकलुकणं हे बहुतेकदा विजेचं दुखणं असतं: अडकलेली मोटर, खराब सेन्सर, नाहीतर कनेक्टरच्या पिनांवर चढलेला हिरवट गंज. दोन-दोन वर्षं न वापरलेल्या फोर-व्हीलचं असंच होतं. मोटर हलत नाही म्हणून जाम होते, वरच्या गिअरांवरचं तेल उतरून जातं, सील कोरडे पडतात.

तेव्हा गॅरेजवाल्याला क्रम बदलायला सांगा. आधी कनेक्टर साफ करून मोटरला थेट करंट देऊन बघायचा. मग ट्रान्सफर केसचं तेल काढायचं, आणि ते स्टीलच्या स्वच्छ थाळीत, तुमच्या किंवा यजमानांच्या समोर. बारीक काळपट चिखल असेल तर तो वयाचा. चकाकणारे तुकडे दिसले तर गिअर-बेअरिंग गेलंय. तेल दुधासारखं पांढुरकं असेल तर ओढ्याचं पाणी आत शिरलंय. या तपासणीला तेलासकट अडीच-तीन हजारांपेक्षा जास्त लागू नयेत. तपासणीच्या आधी २६ हजार मंजूर करणं म्हणजे ताप आला म्हणून पोट उघडणं.

मी तुम्हाला वरची मर्यादा सांगतो: सगळं मिळून ४० हजार. हा आकडा असा निघतो. १८ हजार तसेही जाणार. उरले २२. ट्रॅक्टरच्या आठ फेऱ्यांचे वर्षाला ९,६०० होतात. फोर-व्हील चालू ठेवायला तेल-ग्रीस धरून साधारण ३ हजार जातील. म्हणजे वाचतात साडेसहा हजार. २२ हजार साडेतीन वर्षांत वसूल. पूर्ण ६८ हजार घातले तर फोर-व्हीलच्या वाट्याला ५० येतात, आणि ते फिटायला साडेसात-आठ वर्षं लागतील. तोवर गाडी बावीस वर्षांची होईल. त्याआधी २०२७ मध्ये तिची पंधरा वर्षं संपतायत, म्हणजे फिटनेस करून रजिस्ट्रेशन वाढवून घ्यावं लागेल. चारचाकीला त्याची फी २०२२ पासून ६०० वरून ५ हजार झाली आहे, वर पर्यावरण कर. वीस वर्षं ओलांडली की फी १० हजार. एवढ्या लांबच्या वसुलीवर मी तरी पैसे लावणार नाही.

एजंटचं गणित तर सरळच आहे: ६८ घाला आणि ४० जास्त मिळवा! विकण्यासाठी दुरुस्ती करायची नाही, एवढं पक्कं.

एक गोष्ट मात्र या हिशेबात बसत नाही. ट्रॅक्टर १,२०० ला मिळतो, पण कधी? जुलैत तुमच्या भागात भाताची चिखलणी सुरू असते, तेव्हा शेजारी आधी स्वतःचं शेत बघणार. आणि एप्रिल-मेमध्ये वळीव कोसळला, काजूबी गोळा करून पोती बागेत पडलेली असली, तर त्या संध्याकाळी गाडी वर चढली पाहिजे. म्हणून हिशेब थोडा फोर-व्हीलच्या बाजूने झुकवून मी ४० म्हणालो. निव्वळ रुपयांनी ३५ ला थांबलो असतो.

तेलात तुकडे निघाले आणि चेन खरंच गेलेली असली, तर माझं मत बदलतं. मग बूट-सील करून घ्या, पुढचा प्रोपेलर शाफ्ट (ट्रान्सफर केसमधून पुढे जोर नेणारा दांडा) काढून नीट गुंडाळून ठेवा आणि गाडी मागच्या चाकांवर चालवा. (शाफ्ट काढल्यावर काही गाड्यांत त्या तोंडातून तेल गळतं, तिथे बूच लागतं, मेस्त्रीला आठवण करा.) खताची पोती मे महिन्यातच वर नेऊन शेडमध्ये फळ्यांवर रचून, प्लास्टिकने झाकून ठेवली तर पावसातल्या दोन-तीन फेऱ्या तशाही वाचतील. रिकाम्या पिकअपची मागची चाकं हलकी असतात, म्हणून चिखलात ती जागच्या जागी फिरतात. हौद्यात वाळूची चार पोती टाकून बघा. टायर गुळगुळीत असतील तर पहिला खर्च तिथे करा, कारण नक्षी नसलेल्या टायरवर चारही चाकं ओढूनसुद्धा उपयोग नाही.

आता नवी पिकअप. यजमानांची हौस मी समजू शकतो, पण ८ लाखांचं कर्ज १० टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं तर हप्ता १७ हजार. पाच वर्षांत भरायचे १० लाख २० हजार. त्यात येणाऱ्या बहुतेक पिकअप मागच्या चाकांवर चालणाऱ्याच असतात. बोलेरो कॅम्परमध्ये फोर-व्हीलचा पर्याय आहे, पण ते पैसे वेगळे. इसुझू व्ही-क्रॉस किंवा टोयोटा हायलक्स फोर बाय फोर रस्त्यावर येईपर्यंत पंचवीस लाखांच्या घरात नाहीतर त्याच्या पुढे जातात, त्यांचा विचार नको. शिवाय मालवाहू म्हणून नोंदलेल्या पिकअपला पासिंगची कटकट असते: आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी, मग दरवर्षी. म्हणजे महिन्याला १७ हजार भरून जुलैत पुन्हा ट्रॅक्टरवाल्याच्या दारात उभं राहायचं. घरखर्च ४० हजारांचा असलेल्या घरात हा हप्ता मला झेपणारा वाटत नाही.

पैसे कुठून काढायचे? एफडी मोडू नका. २ लाख ४० हजार म्हणजे तुमचा बरोबर सहा महिन्यांचा घरखर्च, तो आणीबाणीचा पैसा आहे; मुदतीआधी मोडली तर व्याजात कापही बसते. काम दोन टप्प्यांत करा. तपासणी आणि बूट-सील आत्ता. मोटर लागलीच तर पावसाच्या तोंडावर, काजूचे पैसे हातात आल्यावर. विम्यावर भिस्त ठेवू नका, झिजेने गेलेला भाग कुठलीच साधी पॉलिसी भरून देत नाही. आणि या महिन्यापासून १,५०० रुपयांची आरडी गाडीच्या नावाने सुरू करा. वर्षाला १८ हजार जमतात. या वयाच्या गाडीला त्याहून कमी लागेल असं मला वाटत नाही.

फोर-व्हील चालू झालं तर ते जपायला पैसे फारसे लागत नाहीत, आठवण लागते. महिन्यातून एकदा बागेकडच्या कच्च्या रस्त्यावर तीन-चार किलोमीटर फोर-व्हील टाकून गाडी चालवायची. गाडी उभी करून, न्यूट्रलमध्ये, लो रेंजही (कमी वेगाचा, जास्त जोराचा गिअर) एकदा टाकून बघायची. कोरड्या डांबरावर मात्र कधीच नाही. अशा गाड्यांत पुढच्या-मागच्या चाकांमध्ये सेंटर डिफरन्शियल नसतं, म्हणजे ती वेगवेगळ्या वेगाने फिरू शकत नाहीत, त्यामुळे वळणावर सगळा ताण ट्रान्सफर केसवर येतो आणि वाचवलेले २६ हजार तिथेच जातात. चारही टायर एकाच मापाचे ठेवा. ओढ्यातून गाडी नेली असेल तर त्या आठवड्यात तिन्ही ठिकाणचं तेल बघून घ्या: ट्रान्सफर केस, पुढचं डिफरन्शियल, मागचं डिफरन्शियल. तेल कुठल्या ग्रेडचं, ते गाडीच्या पुस्तकात बघूनच टाकायला सांगा. गॅरेजमध्ये हाताला येईल ते ओततात.

थाळीतल्या तेलाचा फोटो काढून पाठवा. चेनची ओळ ठेवायची की खोडायची, ते त्यावरून ठरवू.