‘ओके’चे मूळ शोधताना

प्रिय विद्यार्थिमित्रा,

सप्रेम आशीर्वाद.

‘ओके’ या शब्दावरचे तुझे टिपण वाचले. अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या चॉक्टॉ भाषेतला ‘ओके’, ग्रीक ‘ओला काला’ आणि अमेरिकेचे अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांचे कथित कच्चे शुद्धलेखन या सगळ्या कथांना तू एकाच पंगतीत बसवले आहेस. त्यांतल्या प्रत्येकीला आधी विचार, की तुझा लेखी पुरावा कोणत्या सालचा?

‘बोस्टन मॉर्निंग पोस्ट’च्या २३ मार्च १८३९ च्या अंकात ‘ओ. के.’ ही अक्षरे ‘ऑल करेक्ट’ अशा खुलाशासह छापली गेली. शब्दांचे स्पेलिंग मुद्दाम बिघडवायचे आणि मग त्याची आद्याक्षरे वापरायची, अशी टूम तेव्हा तिथल्या पत्रकारांत निघाली होती. ‘ऑल करेक्ट’चे ‘oll korrect’ करून ‘ओ. के.’ झाले; ‘ऑल राइट’चे (‘oll wright’) ‘ओ. डब्ल्यू.’ त्यातलेच. ‘सगळे बरोबर’ हेच चुकीचे लिहायचे, ही त्यातली खरी गंमत, आणि ती तुझ्या टिपणात मुळीच आलेली नाही.

बाकीची अक्षरे विरली, ‘ओके’ मात्र टिकले, कारण १८४० च्या अध्यक्षीय निवडणुकीत किंडरहुक गावच्या, तेव्हाचे अध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्युरेन यांच्या समर्थकांनी ‘ओल्ड किंडरहुक’ म्हणून तीच अक्षरे उचलली. विरोधकांनी उलट व्हॅन ब्युरेन यांचे पूर्वसुरी जॅक्सन यांच्या शुद्धलेखनाची थट्टा सुरू केली. म्हणजे तू व्युत्पत्ती म्हणून दिलेली कथा मुळात प्रचारातली आहे. व्हॅन ब्युरेन हरले, शब्द तारायंत्रावर चढून देशभर गेला. हा सारा माग भाषाभ्यासक ॲलन वॉकर रीड यांनी १९६३-६४ मध्ये जुनी वर्तमानपत्रे चाळून काढला. ते लेख मुळातून वाच. वुड्रो विल्सन चॉक्टॉ मूळ मानून ‘ओके’चे स्पेलिंग वेगळे करीत, पण राष्ट्राध्यक्षांची पसंती हा पुरावा नव्हे.

अर्थांचा भाग तू दोन ओळींत उरकलास, याचे मला जास्त वाईट वाटले. मंजुरी देणारा ‘ओके’, ‘तू ओके आहेस ना?’ यातला काळजीचा, ‘ओके, सुरू करू या’ यात नुसताच विषयाला तोंड फोडणारा, आणि ‘जेवण ओके होते’ यातला, यजमानाला हमखास लागणारा, हे चारही वेगळे आहेत. हा शेवटचा कोमटपणा आवाजाच्या हेलातून येतो, म्हणून उदाहरणे छापील मजकुरापेक्षा प्रत्यक्ष बोलण्यातून टिपून घे. पश्चिम आफ्रिकेतल्या वोलोफ भाषेतल्या मुळाचा दावाही वगळू नकोस. तो पुराव्याअभावी मागे का पडतो, तेवढे लिही आणि टिपण पुन्हा पाठव.

तुझा,
एक जुना शिक्षक