तीन चॅप्टर करू नकोस

अगं,

तुझा सिनॉप्सिस काल रात्रीच वाचला, उत्तर द्यायचं राहिलं कारण डोळे मिटत होते. विषय भारी घेतलायस, पण अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या कामाचे तू तीन कप्पे केलेस, संगीत, आर्किटेक्चर आणि कामगार, आणि प्रत्येकात नावांची जंत्री. जंत्री कोणीही गूगल करून काढतं गं. तू एकच इमारत धर.

टस्कीगी घे. अलाबामातली ही कृष्णवर्णीयांची शिक्षणसंस्था 1881 ला सुरू झाली, प्रमुख बुकर टी. वॉशिंग्टन. इमारती हव्यात, पैसा नाही, म्हणून विटा तिथे शिकणाऱ्या पोरांनीच पाडायच्या ठरलं. पहिली भट्टी बिघडली, दुसरी बिघडली, तिसरी आठवडाभर पेटवली आणि आता विटा निघणार म्हणेपर्यंत मध्यरात्री ढासळली. मग ह्या माणसाने माँटगोमेरीला जाऊन स्वतःचं घड्याळ 15 डॉलरला गहाण टाकलं आणि चौथी लावली, ती जमली. घड्याळ काही सुटलं नाही.

पुढे तिथे रॉबर्ट टेलर आला, 1892 चा एमआयटीचा ग्रॅज्युएट, तिथून पदवी घेणारा पहिला कृष्णवर्णीय, वडील गुलामीत जन्मलेले आणि सुतारकामातून बिल्डर झालेले. त्याने डिझाइन केलेलं चॅपल, म्हणजे संस्थेचं प्रार्थनाघर, 1898 ला उभं राहिलं, विटा सुमारे 12 लाख, सगळ्या पोरांनी पाडलेल्या. आता ह्याला कुठल्या चॅप्टरमध्ये टाकशील? कारण त्याच चॅपलमध्ये गुलामीतली भजनं, म्हणजे स्पिरिच्युअल्स, गायली जायची, आणि नंतर खिडक्यांच्या रंगीत काचांवर तीच गाणी चितारली. विल्यम डॉसनने बसवलेला तिथला कॉयर, म्हणजे गायकवृंद, 1932 मध्ये न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलच्या उद्घाटनाला गायला. टेलर 1942 मध्ये वारला तोही त्याच चॅपलमध्ये कोसळून. 1957 ला ते जळालं.

पण भारावून जाऊ नकोस हां. राहण्याजेवणाचा खर्च कामातून फिटायचा म्हणून पोरं राबायची, ते शिक्षण होतं की स्वस्तातली मजुरी हा प्रश्न तू विचारलाच पाहिजेस, वॉशिंग्टनवर त्याच्या हयातीतच कृष्णवर्णीयांमधूनच टीका झाली होती, ड्यू बॉइस हा त्या टीकाकारांतला कृष्णवर्णीय विचारवंत, त्याला वाच. माझं मत विचारशील तर दोन्ही होतं.

गाण्याचंही तेच. अमेरिकेच्या दक्षिणेत रेल्वेचे रूळ सरळ करणाऱ्या कृष्णवर्णीय गँगमध्ये एक जण फक्त गायचा, बाकीचे पहारी रुळाखाली घालून तालावर ठोके द्यायचे आणि ठरलेल्या ठोक्याला सगळे एकदम रेटायचे, एकट्यादुकट्याने तो रूळ हलतच नाही. म्हणजे गाणं हे पहारीइतकंच हत्यार होतं, करमणूक वगैरे नंतर. तू मात्र ते "लोकसंगीत" म्हणून एका ओळीत उडवलंयस.

शनिवारी भेटायच्या आधी एखाद्या वीटभट्टीवर जाऊन ये. चिखल कसा मळतात, साचा कसा मारतात बघ, कोणी हात लावू दिला तर दहाएक विटा पाडून बघ, कपडे जुने घाल. आणि मग 12 लाखांचा पॅरा लिहून आण, बाकीचं आपण बसून बघू.