त्रिकोण मोजताना उलटे विसरू नकोस
अरे भावा, भरतीच्या पेपरात आकृती आली की लगेच बोट ठेवून मोजायला लागू नकोस, आधी तुकड्यांना नंबर दे. चौरसात दोन्ही कर्ण काढलेत ना, मग छोटे त्रिकोण ४ आणि दोन-दोन तुकडे जोडून अजून ४, म्हणजे ८, पण नवीन पोरं ४ लिहून पुढे जातात, माझंही पहिल्या वर्षी असंच व्हायचं आणि फार वाईट वाटायचं. ४ बाय ४ च्या जाळीत चौरस १६+९+४+१ म्हणजे ३०, हे पाठच कर. खरी गोची त्रिकोणी जाळीत, म्हणजे मोठ्या त्रिकोणात सारखे छोटे त्रिकोण आखलेले असतात तिथे, प्रत्येक बाजूचे ४ भाग असतील तर सरळ (टोक वर) २०, उलटे (टोक खाली) ७, एकूण २७, आणि त्या उलट्यातला एक मोठा मधोमध असतो, चार तुकड्यांचा, तोच हमखास सुटतो बघ.