मशालीत दिवा बसवताना

रंगवायच्या छोट्या प्लास्टिकच्या बाहुल्यांपैकी पहिल्याच बाहुलीत तीन-तीन दिवे घालू नकोस. मशालीत एक पिवळा एलईडी पुरे. तारा जोडूनच मिळणारा ‘०६०३’ मापाचा एलईडी घे, जेमतेम १.६ मिलिमीटर लांब. हात-ड्रिलने १ मिलिमीटरचं भोक मशालीतून हातात, अंगातून पायात आणि थेट पायाखालच्या बेसपर्यंत ने. तारेवरचं वार्निश ब्लेडने खरवड, नाहीतर सोल्डर धरतच नाही. पिवळ्याला साधारण २ व्होल्ट लागतात, सीआर२०३२ हा बटणासारखा चपटा सेल ३ देतो. मध्ये प्रवाह आवरणारा १०० ओहमचा रेझिस्टर हवाच.

चिकटवण्याआधी पेटवून बघ, नंतर बघ, रंगाआधी पुन्हा बघ. मी एकदा शेवटचं बघणं टाळलं आणि बाहुलीचा रंगवलेला हात मनगटातून कापावा लागला. अजून हळहळ वाटते.

प्लास्टिकमधून उजेड झिरपतो, म्हणून दिव्यामागे आधी काळ्या रंगाचे दोन हात दे. स्प्रे प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा फवारायचा थर, मात्र आपल्या साताऱ्यात भर पावसाळ्यात गच्चीवर मारू नकोस. दमट हवेत पांढुरका पडतो. अजिंक्यतारा स्वच्छ दिसेल अशी उघडीप बघ.

रंगवताना खोली अंधारी कर, मशाल पेटव. गालाच्या हाडावर, ढालीच्या कडेवर उजेड पडतो तिथेच पातळ नारिंगी लाव, ज्योतीजवळ पिवळसर. पाठीला अजिबात नको.