क्लस्टरवर पहिला जॉब टाकण्याआधी
पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेतल्या 'परम ब्रह्म' या क्लस्टरवर, म्हणजे अनेक संगणक जोडून बनलेल्या महासंगणकावर, खातं मिळालं, छानच झालं! राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशनचं हे यंत्र अनेक संशोधक मिळून वापरतात, म्हणून लॉगिन नोडवर, म्हणजे सगळे जिथून आत शिरतात त्या संगणकावर, गणित चालवू नकोस. तिथे फाइल्स नीट कर, जॉब (यंत्राला द्यायचं काम) रांगेत टाक, बस.

वेळ मागताना मात्र विचार कर. दोन तासांच्या कामाला चार दिवस मागितलेस, तर स्लर्मला (रांग सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरला) तो जॉब मधल्या रिकाम्या फटीत बसवता येत नाही आणि तू रांगेत ताटकळतोस. आधी थोड्या डेटावर चालवून बघ, अंदाज घे, त्यात थोडी भर घालून माग. स्क्रॅचमधल्या (तात्पुरत्या साठवणीच्या जागेतल्या) फाइल्स कायम राहतील असं अजिबात धरू नकोस; निकाल लगेच उतरवून घे. लांबलचक जॉबला चेकपॉइंट, म्हणजे पुढे तिथूनच सुरू करता येईल अशी मधली नोंद, हवाच, कारण मागितलेली मुदत संपली की स्लर्म तो बंद करतो.