नवं घेऊन निघू नकोस

चि. बाय,
अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप वाचला. जेलची उशी, हँडल उंच करायचे रायझर, वारा अडवायची मोठी काच, सॅडलबॅगांची जोडी, मोबाइलचा होल्डर. सगळं बुधवारी हाती पडणार, शनिवारी पहाटे तू मोटारसायकलने फोंड्याहून कन्याकुमारीला निघणार, आणि वर विचारतेस, "काका, आणखी काय घेऊ?"

काही घेऊ नकोस. आणि शनिवारी निघूही नकोस.

रागावू नकोस, पुढे वाच. पाच नव्या वस्तू एकदम गाडीवर चढवल्यास आणि भटकळच्या आसपास हात बधिर झाला, तर दोष कोणाचा धरशील? रायझरचा? काचेमुळे मान आखडून बसलीस त्याचा? की उशीने तुला दोन बोटं वर उचललं त्याचा? कळायला मार्ग नाही. म्हणून माझा एकच नियम आहे, आणि तो मी या पत्रात तू कंटाळेपर्यंत सांगणार आहे: नवं घेऊन निघायचं नाही. वस्तू असो, बूट असो, अंगातली गंजी असो, आधी इथल्या रस्त्यावर जुनी करायची. एका वेळी एकच बदल, त्यावर निदान शंभर किलोमीटर, मगच दुसरा.

सीटपासून सुरू करू, कारण तिथे तू आधीच घोळ घातला आहेस. पाय टेकेनात म्हणून फोम कापून घेतलास. रॉयल एनफील्डच्या क्लासिक ३५०ची सीट ८०५ मिलिमीटर उंच, तुला ती उंच वाटणं साहजिक. पण फूटरेस्ट होते तिथेच राहिले आणि तू खाली आलीस, म्हणजे गुडघा जास्त दुमडला. तासाभरात वाटीखाली जी कळ येते म्हणतेस ती यामुळेच. शिवाय उरलेला फोम इतका पातळ की तो दबून तू तळावरच बसतेस. आणि आता त्यावर जेलची उशी, म्हणजे कापलं तेवढं परत वर! पैसे दोनदा गेले आणि उंची होती तिथेच.

दोन्ही तळवे सपाट टेकायलाच हवेत, हा हट्ट सोड. डावा पाय चवड्यावर पक्का टेकला आणि उजवा मागच्या ब्रेकवर असला की गाडी उभी राहते. चढावर तर तसंच थांबायचं असतं. त्याचा सराव घराजवळच्या एखाद्या चढावर कर, सामान लादून कर. तरी उंची कमी हवीच असेल तर कुशनवाल्याला फोम वरून कापायला सांगू नकोस. पुढे, जिथे मांड्या येतात, तिथे दोन्ही कडा अरुंद करायला सांग. पाय बाहेर फाकण्याऐवजी सरळ खाली जातात आणि बसायची जागा शाबूत राहते. त्याच खेपेला टाकीकडे जाणारा उतार काढून घे. उतार असला की प्रत्येक ब्रेकला तू पुढे घसरतेस आणि ते वजन मनगटांवर येतं.

आणि मऊ म्हणजे आरामाची, हे खूळ डोक्यातून काढ. बसल्यावर वजन बैठकीच्या दोन हाडांवर यायला हवं. मऊ फोम दुकानात पाच मिनिटं छान वाटतो. तासाने तो चपटा होतो, हाडं तळाला लागतात, भार आजूबाजूच्या मांसावर जातो आणि मुंग्या येतात. खाली तुकडे दाबून केलेला कडक रीबॉन्डेड फोम, वर दीड-दोन सेंटीमीटरचा मऊ थर, आणि कव्हरला मधोमध शिवण नको. एवढं सांगितलंस की पुरे. जेल आपल्याकडच्या उन्हात तव्यासारखं तापतं, ते मला पसंत नाही. हवेची उशी चालेल, पण ती टम्म फुगवायची नसते. तिच्यावर बसून हवा सोडत जायची आणि आपण सीटपासून जेमतेम बोटभर वर आहोत असं झालं की बूच लावायचं. टम्म उशीवर माणूस वळणावर डुलतो.

आतल्या कपड्यांबद्दल काकाने लिहावं हे तुला चमत्कारिक वाटेल, पण शिवण बोचते ती बोचतेच. सुती कापड घाम धरून ठेवतं आणि तिसऱ्या दिवशी कातडी सोलते. बिनशिवणीचे, लवकर वाळणारे घे, आणि तेही आधी धुऊन, घालून, जुने करून.

आता हात. बधिर होतात म्हणतेस, पण कुठली बोटं ते तू लिहिलंच नाहीस, आणि सगळं तर त्यावरच आहे. करंगळी आणि अनामिका असेल तर तळहाताच्या बाहेरच्या कडेवर तू रेलते आहेस. पाठ-पोटाने बसायला शीक, हँडलवर लटकू नकोस, मूठ सैल ठेव. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट असेल तर मनगट वाकलेलं आहे. तिथे रायझर नको, क्लच-ब्रेकच्या लिव्हरचा कोन बदल. कोणाला तरी गाडी सरळ धरायला सांग, डोळे मिटून नेहमीसारखी बस, हात हँडलवर ठेव, बोटं लांब कर. कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत एक रेघ यायला हवी. लिव्हर त्या रेघेत येईपर्यंत क्लॅम्प सैल करून फिरव. परत आवळताना अगदी जीव काढू नकोस. गाडी पडली तर लिव्हर मोडण्याऐवजी फिरला पाहिजे, इतपतच.

फुकटचं काम आहे, पाच मिनिटांचं. मी ते कित्येक वर्षं केलं नाही. लांबच्या प्रवासात थोडं दुखायचंच, असं छाती काढून सांगत राहिलो. आज उजव्या हाताची तीन बोटं मला रात्री झोपेतून उठवतात. त्याची कहाणी नको, पण लिव्हर आधी फिरव.

त्यानंतरही खांदे पुढे ओढले जात असतील, तरच रायझर. बसवल्यावर हँडल पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे वळवून बघ. क्लचची केबल, रेसची केबल, ब्रेकचा पाइप, कुठेच ताण येता कामा नये. मग इंजिन चालू ठेवून, न्यूट्रलमध्ये, तेच पुन्हा. वळवताना इंजिनाचा आवाज चढला तर रेसची केबल तोकडी पडते आहे. अशी गाडी अनमोड घाटाच्या वळणात रेस न देता स्वतःच पुढे जाईल. म्हणून म्हणतो, हे इथे, दारात कळलं पाहिजे.

काच लावण्यापूर्वी एक परीक्षा कर. ती न लावता ताशी ८०ने जा. वारा छातीवर सरळ येत असेल आणि हेल्मेट हलत नसेल, तर तुला काच नकोच. ती छातीवरचा वारा अडवते, पण तिच्या वरच्या कडेवरून फुटलेला वारा नेमका हेल्मेटवर आपटायला लागला की डोकं दिवसभर थडथडतं. काच लावून फूटरेस्टवर जरा उठून बघ. उठल्यावर आवाज कमी झाला तर काचेची उंची तुझ्यासाठी चुकीची आहे. आणि कानात फोमचे बोळे घाल. ताशी शंभरला हेल्मेटच्या आत वाऱ्याचा आवाज ९० डेसिबलच्या वर जातो. संध्याकाळी जो थकवा वाटतो त्यात याचा वाटा मोठा. बोळा बारीक वळायचा, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढायचा, आत सारून फुगेपर्यंत धरून ठेवायचा. हॉर्न ऐकू येतो, घाबरू नकोस.

हेल्मेट नवंच घेतलं आहेस ना? मग आजपासून रोज रात्री तासभर घरात घालून बस. आई हसेल, हसू दे. कपाळावर एका ठिकाणी टोचायला लागलं तर ते हेल्मेट तुझ्या डोक्याच्या आकाराचं नाही, आणि रस्त्यावर ते बरं होणार नाही. होल्डरचंही ऐक: मोटारसायकलच्या थरथरीने फोनचा कॅमेरा बिघडू शकतो, असा इशारा अ‍ॅपलने २०२१ साली स्वतःच दिला आहे. एका सिलिंडरच्या गाडीवर तर विचारूच नकोस. थरथर शोषणारा होल्डर घे, नाहीतर फोन खिशात ठेवून माणसांना वाट विचार.

सामानाचं थोडक्यात. जड ते खाली आणि पुढे, तुझ्या पाठीजवळ. हत्यारं, पाणी, बूट सॅडलबॅगांच्या तळाशी, वर बांधायची ती फक्त कपड्यांची पिशवी. मागच्या चाकाच्या मागे वजन लोंबलं की पुढचं हलकं होतं आणि वेगात हँडल डोलू लागतं. रबरी हुकांनी काही बांधू नकोस. हुक सुटला तर डोळ्यात जातो नाहीतर चाकात. बकलाचे पट्टे वापर आणि उरलेलं टोक गुंडाळून खोच, ते चेनच्या बाजूला लोंबता कामा नये. सामान चढवलं की मागच्या शॉकअ‍ॅब्सॉर्बरच्या सहा खाचांपैकी दोन-तीन वर घे, दोन्ही बाजूंना सारख्याच. मागचा भाग दबल्यावर हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यात जातो, तोही खाली कर. चेनचा ढील बघायचा तो याच वेळी, कारण वजनाने गाडी दबली की चेन ताणली जाते. घरी घट्ट असेल तर रस्त्यावर ती स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चाक, खाते आणि बेअरिंगही. तेल दर ५०० किलोमीटरला, मुक्कामाला पोचल्यावर चेन गरम असतानाच. सकाळी निघताना लावलेलं तेल रिमवर उडतं.

तुझ्या गाडीला तारांची चाकं, म्हणजे ट्यूब. पुढचं १९ इंची, मागचं १८, दोन्हींच्या ट्यूब घे. चाक काढायचे पाने, दोन टायर लिव्हर, पंप. पण हे सगळं नुसतं पिशवीत असून उपयोग नाही. मागचं चाक एकदा अंगणात स्वतः काढ, ट्यूब बदल, परत बसव. पाना अपुरा आहे हे अंगणात कळलेलं बरं. क्लचची जादा केबल पिशवीत नको, चालू केबलच्या बाजूने टाकून टेपने बांध. तुटली की दोन टोकं बदलायची, एवढंच काम.

लोक मला हट्टी म्हणतात, ठाऊक आहे. "काका निघेपर्यंत आमची ट्रिप संपते," असंही म्हणतात. म्हणोत. अर्ध्या वाटेवरून टेम्पोत गाडी घालून परत आलेल्यांत माझं नाव कोणी दाखवावं. हो, काही प्रवास तयारीतच राहून गेले, आणि त्यातले दोन-तीन आता व्हायचे नाहीत. ते मनाला लागतं. तरीही नियम बदलत नाही.

उन्हाबद्दल मात्र तू काही विचारलं नाहीस, आणि खरा त्रास तिथेच आहे. जाळीचं जॅकेट आतून ओला शर्ट घालून गार वाटतं ते घाटावर, कोरड्या हवेत. आपल्या किनाऱ्यावर हवाच ओली, घाम वाळतच नाही, तिथे ओला शर्ट म्हणजे नुसती चिकचिक. तुझा सगळा रस्ता, राष्ट्रीय महामार्ग ६६, बहुतेक किनाऱ्यानेच जातो. म्हणून इथे उपाय एकच: पहाटे सहाला सुटायचं, अकराला सावलीत थांबायचं, तीननंतर पुन्हा. पाण्याची दोन लिटरची पाठपिशवी घे, नळीने घोटघोट पी. तहान लागल्यावर बाटली रिकामी करणं म्हणजे उशीर झालेला असतो. ओआरएसची पुडी किती पाण्यात घालायची ते तिच्यावर लिहिलेलं असतं, अंदाजाने घालू नकोस. आणि गोव्यातला पाऊस गेला म्हणून रेनकोट घरी ठेवशील तर फसशील. ऑक्टोबर-नोव्हेंबरात दक्षिण केरळात आणि तमिळनाडूत ईशान्य मोसमी पाऊस असतो, दुपारनंतर गडगडून येतो. रेनकोटही जुना कर. बूट न काढता पँट चढते का, हे बघितलंयस?

थांबे घड्याळाने घे, दुखण्याने नव्हे. सव्वा तास झाला की दहा मिनिटं उतरायचं, बरं वाटत असलं तरी. पहिल्या दिवशी अडीचशेच्या वर जाऊ नकोस. थांबे धरून ताशी ४०-४५ची सरासरी धर आणि उजेडात पोच. १३ लिटरची टाकी आहे, पण तीनशे किलोमीटरवर पंप शोधायचाच.

आता दोन आठवड्यांचं वेळापत्रक. या रविवारी फक्त लिव्हर, मडगाववरून करमळ घाट ओलांडून काणकोणपर्यंत जा आणि ये. मग आठवड्यात सीट, तिच्यावरही शंभर किलोमीटर. पुढच्या रविवारी सगळं सामान लादून, अगदी दात घासायच्या ब्रशसकट: फोंडा, मोलें, अनमोड, लोंढा, खानापूर, बेळगाव आणि परत जांबोटी, चोर्ला, केरी, साखळीवरून. सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर, दोन घाट, ओली हवा आणि कोरडी हवा, दोन्ही एका दिवसात. घाट चालू आहेत का ते आदल्या दिवशी विचारून घे. बेळगावात थांबून कागदावर लिही: काय दुखलं, किती वाजता, कुठलं बोट. नुसतं "थोडं दुखलं" लिहून आणलंस तर कागद परत देईन.

शनिवारी निघायचं रद्द केलंस की कळव. शुक्रवारी संध्याकाळी गाडी घेऊन ये आणि इथेच ठेवून जा. टायरची हवा गार असताना मोजायची असते, ती सकाळी बघू. कापलेल्या फोमचे तुकडे टाकले नसशील तर तेही घेऊन ये, कुशनवाल्याला दाखवायला लागतील.

तुझा,
काका