फरसबीची सुकी भाजी करकरीत किंवा काळपट का होते?

तुम्ही लिहिलंय की डब्यासाठी फरसबी अर्ध्या इंचाची चिरता, फोडणीतच दोन सोलं (कोकमं) टाकता, वर वाटीभर पाणी घालून झाकता, आणि भाजी कधी करकरते तर कधी काळपट, गिळगिळीत होते. मसाला बदलून यात फरक पडणार नाही. चिरणं, पाणी आणि सोलं या तीनच गोष्टी सुधारा.

आधी सोलं. आंबट पदार्थात शेंग लवकर मऊ होत नाही, आणि आंबटामुळेच हिरवा रंग शेवाळी होतो. म्हणजे सुरुवातीला सोलं टाकली की रंग जातो आणि शेंग मात्र कच्ची राहते. ती शिजावी म्हणून आणखी पाणी, आणखी वेळ, मग गिचका. या भाजीला सोलाची गरजच नाही. आंबट हवंच असेल तर जेवताना लिंबू पिळा किंवा सोबत सोलकढी घ्या.

आता चिरणं. चार-पाच शेंगा एकत्र धरून तिरके, २ ते ३ मिलिमीटर जाडीचे काप करा. असे काप सात-आठ मिनिटांत शिजतात, अर्ध्या इंचाचे तुकडे जवळजवळ दुप्पट वेळ घेतात. शेंगेत मुळातच थोडं आम्ल असतं, त्यामुळे जितका वेळ ती आचेवर राहील तितका रंग उतरतो. शेंगा आधी धुवा, कापडावर कोरड्या करा, मगच चिरा. चिरून धुतलेली फरसबी कढईत पाणी सोडते. देठ मोडताना शीर निघते का पाहा, निघाली तर दोन्ही बाजूंनी ओढून काढा. कोकणात बाजारातली फरसबी बरीचशी घाटावरून येते आणि पोचेपर्यंत शिळी झालेली असू शकते, म्हणून घेताना एक शेंग मोडून बघावी. कट्‌ आवाज करून तुटली तर घ्या. वाकत राहिली किंवा दाणे फुगलेले दिसले तर ही भाजी जमणार नाही. अशा शेंगा घरी आल्याच असतील तर दाणे सोलून आमटीत टाका.

तीन-चार माणसांना पाव किलो फरसबी, दीड मोठा चमचा तेल, अर्धा चहाचा चमचा मोहरी, एक चमचा उडीद डाळ, दोन चिमटी हिंग, ७-८ कढीपत्त्याची पानं, मध्ये चिरलेल्या २ हिरव्या मिरच्या, अगदी पाव चमचा हळद, अर्धा चमचा मीठ, सुपारीएवढा गूळ, आणि अर्धी वाटी ताजं ओलं खोबरं. घाटावरच्यांना खोबरं जास्त वाटेल. त्यांनी कमी घालावं. हळद मात्र वाढवू नका, हिरव्यावर पिवळी छटा चढते.

कढई पसरट घ्या. तेल तापलं की मोहरी, ती तडतडली की उडीद डाळ. डाळ बदामी झाली की हिंग, मिरच्या, कढीपत्ता, हळद आणि लगेच शेंगा. मोठ्या आचेवर दोन मिनिटं उघड्यावरच परता. यात शेंगेतलं आम्ल वाफेबरोबर थोडं उडून जातं, पहिल्यापासून झाकलं की ते पुन्हा भाजीतच उतरतं. मग मीठ, तीन मोठे चमचे पाणी शिंपडा, आच मध्यम करा आणि झाकणीवर पाणी ठेवून चार मिनिटं वाफ काढा. झाकण गार राहिल्यामुळे आतली वाफ थेंब होऊन परत भाजीत पडते आणि तळाशी लागत नाही. वाटीभर पाणी घातलंत तर ती वाफवलेली राहत नाही, उकडली जाते. चव पाण्यात जाते आणि ते पाणी आटवताना शेंग मरते.

झाकण काढून एक काप चावून बघा. दाताला हलका प्रतिकार हवा, पण कच्चा वास नको. अर्धवट कच्ची फरसबी पोटाला बाधते, त्यामुळे ‘कुरकुरीत हवी’ म्हणून आधीच उतरवू नका. कच्ची वाटली तर चमचाभर पाणी शिंपडून आणखी दोन मिनिटं झाका. शिजल्यावर गूळ, मग खोबरं, अर्धं मिनिट ढवळून गॅस बंद. खोबरं आधी पडलं तर ते कोरडं होतं आणि त्याचा गोडवा संपतो. हिरवी ठेवण्यासाठी सोडा घालायचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. रंग राहतो, पण शेंग साबणासारखी होते आणि क जीवनसत्त्वही जातं.

मालवणी चव हवी तर उडीद डाळ आणि गूळ वगळा. फोडणीत एक कांदा बारीक चिरून गुलाबी परता, शेंगांबरोबर पाऊण चमचा मालवणी मसाला घाला आणि खोबऱ्यात दोन लसूण पाकळ्या ठेचून मिसळा. हीच भाजी चवळीच्या कोवळ्या शेंगांचीही होते, फक्त वाफ एक मिनिट कमी. फ्रोझन फरसबी आधीच अर्धी शिजलेली असते. तिला पाणी नको, झाकण नको, मोठ्या आचेवर चार-पाच मिनिटं परता.

सकाळी घाई असेल तर शीर काढून, चिरून रात्रीच कोरड्या डब्यात फ्रिजमध्ये ठेवा. मग गॅसवर काम दहा मिनिटांचंच उरतं. डब्यात भरण्याआधी ताटात पसरून कोमट होऊ द्या. गरम भरली तर झाकणाखाली पाणी सुटतं, आणि आपल्या दमट हवेत दुपारपर्यंत खोबऱ्याला वास येतो. उन्हाळ्यात डब्याच्या भाजीतलं खोबरं गॅस बंद करण्याआधी पूर्ण एक मिनिट परता. चव थोडी कमी होते, पण भाजी टिकते.